न विसरलेलं वाक्य

“मी विसरली नवती, भाऊ,” सोमारी म्हणाली आणि लटारूच्या पत्रावळीवर वरण वाढून पुढे सरकली. एवढंच. आवाज चढवला नाही, नजर रोखली नाही. शेजारी बसलेल्याला वाटलं असेल, की ती भाताचा आग्रह करते आहे. लटारूलाही आधी तसंच वाटलं. ‘पुरे, पुरे’ म्हणत तो हात आडवा धरून बसला, आणि वरण भाताच्या कडेने वाहत पत्रावळीच्या काठाला लागलं तेव्हा कुठे ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने मान वर केली. सोमारी पंगतीच्या टोकाला पोचली होती. बादली कमरेला टेकवून कुणाशी तरी बोलत होती, थोडी हसतही होती. लटारूने वरण अडवायला भाताचा बांध घातला आणि जेवायला लागला. वरण झकास झालं होतं. पण त्याने पुन्हा मागून घेतलं नाही.

लालसूला, म्हणजे सोमारीच्या नवऱ्याला, जाऊन वर्ष झालं होतं आणि आज त्याच्या वर्षाची उपकारस्तुती होती. वडशाच्या त्यांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ही रीत कुणी सुरू केली ते आता सांगता यायचं नाही. घरातलं माणूस गेलं, की वर्षाने सगळ्यांना बोलवायचं, गाणी म्हणायची, पास्टरने प्रार्थना करायची आणि मग घरच्या माणसाने उभं राहून सरलेल्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे. त्यानंतर पंगत. आभाराची वाक्यं सगळ्यांना पाठ असतात: देवाने नेलं, देवानेच सांभाळलं, त्याच्या इच्छेपुढे आपण कोण. ज्याला मुळीच बोलता येत नाही तोही एवढं बोलतो आणि डोळे पुसत बसतो. सोमारीही उभी राहिली. ती राहायची त्या राईस मिलच्या मागच्या खोल्यांपुढे ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. “देवानं माझ्या माणसाले...” म्हणाली आणि थांबली. कुणी तरी खोकललं. मागे रुळांवरून मालगाडी गेली, ती जाऊन पुन्हा शांत झालं, तरी सोमारी थांबलेलीच. लटारू पहिल्या ओळीत होता. पुढे बसणारे एक तर फार भाविक असतात, नाही तर कानाने अधू. लटारू स्वतःला अर्थातच पहिल्यांत धरायचा. त्याच्या ओठांची हालचाल कुणाला दिसली नसेल. पण त्याच्या घशातून तो खालच्या पट्टीतला आवाज आपोआप बाहेर पडला: “...आपल्यापाशी बोलावलं, अन् मले सांभाळलं, त्याचे उपकार.” सोमारीने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. कुठे चढ नाही, उतार नाही. सगळे आमेन म्हणाले. राजदीप पास्टरने, म्हणजे त्यांच्या तरुण पाळकाने, लटारूकडे कौतुकाने पाहिलं, आणि लटारूला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. अडखळणाऱ्या बाईला आपण हात दिला, असं मनात म्हणत तो पंगतीला येऊन बसला होता.

घरी जाताना बायना मोपेडवर मागे बसली होती. बायना म्हणजे त्याची बायको. मंडळीत तिला सगळे बायनाबाई म्हणतात आणि तिच्या हाताचं लोणचं मागून नेतात. ती गाडीवर कधीच बोलत नाही. वाऱ्यात शब्द उडून जातात, असं म्हणते. तरी लटारूने विचारलंच. “सोमारी तुले काही म्हनत होती का?” “काय म्हनल?” “नाई, असंच.” पुढे बाजाराची गर्दी लागली, तांदळाची पोती उतरवणारा ट्रक रस्त्यात आडवा होता, आणि गाडी थांबली तरी बायना काही बोलली नाही. लटारूला राग आला. कुणाचा, ते त्याला कळेना. आधी वाटलं सोमारीचा. एवढ्या लोकांपुढे फजिती वाचवली, त्याचं हे बक्षीस. मग वाटलं, तिने काही वाईट म्हटलेलं नाही. मी विसरले नव्हते, एवढंच म्हणाली. पण लटारूसारख्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही, हे तिला ठाऊक असेल का? नसेल. तिने त्याला विंगेत बसलेला कधी पाहिलंच नव्हतं.

लटारू प्रॉम्प्टर होता. दिवाळी झाली, की वडशात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात, बाहेर रंगीत बोर्ड लागतात, आणि मंडईची जत्रा नाही तर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरवणाऱ्या गावांहून लोक तारखा ठरवायला येतात. मग होळीपर्यंत कंपन्यांच्या गाड्या आज या गावाला, उद्या त्या. नट बाहेरून येतात. कुणी नागपूरहून, कुणी त्याच्याही पलीकडून. कितीतरी जण नाटक पहिल्यांदा वाचतात ते गाडीत. ती सगळी नाटकं विंगेत बसलेल्या एका माणसाच्या घशावर चालतात. आवाज नटाच्या कानापर्यंत गेला पाहिजे, वर टांगलेल्या माईकपर्यंत नाही. लटारूला हे इतकं साधलं होतं, की नट म्हणत, लटारूभाऊ विंगेत असला म्हणजे पाठ करायची गरजच काय. उमेदवारीच्या दिवसांत मात्र त्याने एकदा मार खाल्ला होता. हाताचा नाही, बोलण्याचा. नवाबभाई म्हणून एक नट बापाची कामं करायचा. मुलीला सासरी पाठवायचा प्रवेश. नवाबभाईने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि थांबला. लटारूने वाक्य दिलं. नवाबभाई उचलेना. लटारूने पुन्हा दिलं, जरा मोठ्याने, आणि माईकने ते पकडलं. अख्ख्या मांडवाला परक्या आवाजात ‘जा पोरी, सुखी राहा’ ऐकू आलं. लोक हसले ते हसले, वर शिट्ट्या. प्रवेश संपल्यावर नवाबभाई विंगेत आला तो तणतणत. “अबे, मी भूललो नवतो. मी रडून राह्यलो होतो. आदमीले रडालेबी टाइम लागते का नाई?” मग शांत झाल्यावर त्यानेच शिकवलं. नट विसरला, की त्याचे डोळे विंगेकडे सरकतात. थांबला असेल, तर डोळे जागच्या जागी राहतात. डोळे बघ लेका, ओठ नको बघू. लटारूने ते कायमचं गाठीला बांधलं. त्यानंतर विंगेत बसून कुणाची शांतता त्याने मोडली नव्हती.

मग आज काय झालं? संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना तो सोमारीचे डोळे आठवू लागला. आठवेनात. पदर आठवला, ताडपत्रीतून पडलेली उन्हाची पट्टी आठवली, पास्टरची चुळबुळ आठवली, मागच्या बायांनी एकमेकींकडे टाकलेल्या नजरा आठवल्या. सोमारीचे डोळे कुठेच नव्हते, कारण त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याने पाहिलं होतं लोकांकडे. अवघडलेले होते ते लोक. वाक्य त्यांच्यासाठी होतं. सोमारीला हवं म्हणून त्याने ते दिलं नव्हतं; लोकांना ती शांतता सोसवत नव्हती, आणि सगळ्यांत कमी त्याला स्वतःला सोसवत होती. चहा निवला. बायनाने आतून हाक मारली तेव्हा त्याने तो तसाच गिळला.

आणि मग एकदा दार उघडल्यावर बाकीचंही आत आलंच. मंडळीत लटारूची ओळख काय? धीर देणारा. कुणाचं पोर नापास झालं, बोलवा लटारूभाऊला. कुणाचा दारूडा भाऊ परत पिऊ लागला, बोलवा. पास्टर म्हणायचा, देवाने प्रत्येकाला एक दान दिलं आहे, लटारूभाऊंना उत्तेजनाचं दिलं आहे. हे वाक्य लटारूने स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल! मागच्या वर्षी लालसू गडचिरोलीच्या दवाखान्यात पडला होता. तापाने डोळे उघडत नव्हता. तेव्हा लटारू एसटीने जायचा, खाटेशेजारी स्टुलावर बसायचा आणि सोमारीला म्हणायचा, “लालसू बरा होते. तू फक्त विश्वास ठेव.” सोमारी म्हणायची, “ठेवतो भाऊ.” लटारू म्हणायचा, “म्हन, देव माझ्या माणसाले उठवते.” सोमारी म्हणायची, “देव माझ्या माणसाले उठवते.” लालसू उठला नाही. मातीला सगळी मंडळी गेली, लटारूने उत्तम प्रार्थना केली, आणि ‘फक्त’ या शब्दाचं काय करायचं ते कुणी बोललं नाही. आज तो शब्द लटारूच्या कानात वाजू लागला. फक्त विश्वास ठेव. म्हणजे लालसू गेला तो कुणाच्या चुकीने? त्या बाईने वर्षभर स्वतःला हे विचारलं असेल का? असेलच. कुणीही विचारील.

त्याला धीर कुणी दिला होता? कमळाबाईंनी. हा प्रसंग मंडळीत पोराटोरांनाही पाठ आहे. लटारू आणि बायनाची मुलगी, हर्षा, नुकती दुडुदुडु चालायला लागली होती आणि तापात गेली. तेव्हा ही दोघं मंडळीतली नव्हती, येशूचं नाव त्यांच्या घरात कुणी घेत नव्हतं. गल्लीच्या टोकाला कमळाबाई राहायच्या. मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या परिचारिका, एकट्याच. त्या घरी आल्या. आणि साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, लटारू इथे नेहमी थांबतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो: कमळाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, लटारू, तुझ्या लेकराला ज्याने कुशीत घेतलं तो तुलाही सोडणार नाही. त्या एका वाक्याने मी उठलो. इथे बाया पदर डोळ्यांना लावतात. लटारूने ते वाक्य आता कमळाबाईंच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. डोळे मिटले. वाक्य आलं, पण त्याच्याच आवाजात. त्या खालच्या पट्टीतल्या, विंगेतल्या. पुन्हा प्रयत्न केला. कमळाबाईंचा आवाज कसा होता? थोडा बसका. बसक्या आवाजात ते वाक्य बसेना. त्याऐवजी आला सुपाचा आवाज. सूप वर-खाली होतं आहे, लाखोरीची डाळ सुपात सरकते आहे, खडे वेगळे पडताहेत. कमळाबाई उंबऱ्याशी बसून डाळ निवडताहेत. बायना भिंतीला टेकून बसली आहे. कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशीही त्या येतात, पाणी भरतात, चूल पेटवतात, भात टाकतात, बसतात.

“बायना,” त्याने हाक मारली, “हर्षाच्या वेळेस कमळाबाई काय म्हनल्या होत्या वो?” बायना भाकरी थापत होती. हात थांबला नाही. “काही नाई म्हनल्या. डाय निवडे, भात शिजवे, अन् जाये.” “मंग मी साक्षीत सांगतो ते?” “ते तुमचं होय.” भाकरी तव्यावर पडली. “पन चांगलं वाटते आयकाले,” ती म्हणाली आणि भाकरी उलटवली. लटारू तसाच दारात उभा राहिला. तिला हे इतकी वर्षं ठाऊक होतं. मंडळीत बायांच्या बाजूला बसून तिने ती साक्ष वर्षानुवर्षं ऐकली होती, सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं होतं, आणि कधी ब्र काढला नव्हता. आपण खोटं बोललो, असं त्याला वाटलं नाही, तेवढा तो स्वतःवर कठोर नव्हता. पण ज्या बाईने त्याला वाक्य दिलं नाही तिच्या तोंडी त्याने वाक्य घातलं होतं, आणि मग तेच दान समजून तो गावभर वाटत फिरला होता. कमळाबाईंनी दिलेलं खरं काय होतं ते त्याने कुणालाच दिलं नव्हतं. ते काय होतं, हेही त्याला धड सांगता आलं नसतं.

त्या रविवारी सोमारी उपासनेला आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात राजदीप पास्टर घरी आला, खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, “भाऊ, सोमारीबाई गावाकडे जातो म्हणून राह्यली. एटापल्लीकडे, दिराकडे. तिथी तर आपलं कोणी नाई. गेली म्हणजे गेली. तुम्ही जाऊन या ना. तुम्हालाच जमते हे.” या पास्टरला लटारू एरवी पोरासारखा मानायचा. त्या क्षणी मात्र त्याला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. तुम्हालाच जमते. तरीही तो गेला. मोपेड बाहेर काढताना पाहतो तर जीभ आधीच तयारीला लागलेली. शास्त्रातली वचनं ओळीने पुढे येत होती, कुठलं आधी घ्यायचं, कुठलं नंतर, कुठे आवाज खाली आणायचा. त्याने त्यांना परत पाठवलं. ती दोन पावलं मागे सरली आणि तिथेच उभी राहिली.

सोमारी दाराशी बसून कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, पाखडत होती. बाजूला एक बोचकं बांधून ठेवलेलं होतं. तिने पाणी दिलं. लटारू बसला. बोलायचं नाही, हे ठरलं होतं, पण हातांचं काय करायचं? त्याने दुसरं सूप ओढलं आणि कनकी घेऊन पाखडू लागला. पहिल्याच झोकात निम्मी अंगणात. कोंबड्या धावल्या. “तुमाले नाई येत, भाऊ, सांडून राह्यले,” सोमारी म्हणाली. लटारूला कळलं, की आपण कमळाबाईंचं काम करतो आहोत, नटासारखं, आणि तेही वाईट. त्याने सूप खाली ठेवलं. शरमला. मग खूप वेळ नुसता बसला. ते त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम असावं. धीर धर, हे दोन शब्द दातांपाशी येऊन उभे होते. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. कोंबड्या दाणे टिपत होत्या, मिलचा पट्टा फिरत होता, कोंड्याची धूळ उन्हात तरंगत होती. शेवटी त्याने विचारलं, “त्या दिवशी तू थांबली होती. पुढं काय होतं?”

“कायले आता? तुमी सांगलं, मी म्हनलं, लोकं जेवले.”

“मी चुकलो, सोमारी.”

तिने सूप झटकलं, पुन्हा भरलं. “दवाखान्यातबी तुमी सांगत अन् मी म्हनत. तुमचं मन राखाले म्हनत होती, भाऊ. तुमी एवढ्या दुरून एसटीनं येत. तोंड उतरून जाये तुमचं लालसूकडे पाहून. म्हटलं, म्हनतो बाप्पा, याइले तरी बरं वाटू दे.” हे तिने रागाने म्हटलं असतं तर लटारूला पेललं असतं. ती मायेने म्हणाली. म्हणजे त्या स्टुलावर बसून धीर कोण कुणाला देत होतं? लटारूने मान खाली घातली. त्याला आपले हात फार म्हातारे दिसले.

“मले ते आयकाचं आहे,” तो म्हणाला, “तुझं वाक्य.”

“इथी नाई,” सोमारी म्हणाली. “लोकायपुढं गिळलं, लोकायपुढंच म्हनीन. रयवारी येतो अन् म्हनतो. मंग सोमवारी गाडी. मंग तुमच्या मंडळीत मी नाई.” आणि थोड्या वेळाने, बोचक्याची गाठ चाचपत, “तुमी पुढं नका बसू पन.”

रविवारी लटारू सगळ्यांत मागे, चपलांपाशी बसला. पत्र्याच्या त्या हॉलमध्ये मधोमध वाट, एका दरीवर, म्हणजे सतरंजीवर, पुरुष, दुसरीवर बाया. बायांच्या दरीवर बायना नेहमीच्या जागी, भिंतीकडेने. पुढची जागा रिकामी पाहून पास्टर दोनदा मागे डोकावला. गाणी झाली. साक्षीची वेळ आली आणि सोमारी उभी राहिली. “देवानं माझ्या माणसाले नेलं,” ती म्हणाली आणि थांबली. या वेळी लटारूने डोळे पाहिले. ते समोरच्या भिंतीवर होते, कॅलेंडरच्या जरा वर, आणि तिथून हलत नव्हते. शांतता वाढू लागली. इतक्या वर्षांची सवय. लटारूच्या गळ्यातले स्नायू त्याला न विचारता कामाला लागले होते. त्याने गालाचं मांस दातांखाली धरलं. पुढे पास्टरने घसा खाकरला, ओठ उघडले, तो काही तरी चांगलंच म्हणणार होता, आणि लटारूने मागून हात वर करून नको, नको अशी खूण केली. पास्टर गोंधळला आणि गप्प बसला. कुठे तरी मूल रडलं, त्याला आईने पदराखाली घेतलं.

“अन् तवापासून मी त्याच्यासंगं बोलत नाई,” सोमारी म्हणाली. “तुमी डोये मिटता, तवा मीबी मिटतो. ओठ हालवतो. अंदर काही नाई. उपकार म्हन, म्हनता, माझ्या तोंडून निंगत नाई. लालसू बरा होईन म्हनून सगळ्याइनं सांगलं. तो नाई झाला. मंग कोनीच म्हनलं नाई का आपल्याले नवतं माहीत म्हनून. तुमच्यावर राग नाई माझा. त्याच्यावर आहे. मी रुसली आहे त्याच्यावर. बस, एवढंच म्हनाचं होतं. मी उद्या गावाले जातो.”

कुणी आमेन म्हटलं नाही. लटारूला वाटलं, आता कुणी तरी उठून तिला समजावील, तिच्या विश्वासाबद्दल बोलेल, आणि ते बोलणारा एरवी आपणच असतो. लोकांच्या माना एकेक करून मागे वळू लागल्या, त्याच्याकडे. तो जमिनीकडे पाहत राहिला. तेव्हा बायांच्या दरीवरून आवाज आला. बसक्या, न वापरलेल्या आवाजात, इतका हळू, की पहिल्या ओळीला ऐकू गेला नसेल. “मलेबी नाई येत, सोमारी.”

लटारूने आवाज ओळखला आणि तरी ओळखला नाही. बायना बसल्या जागीच बोलत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. “हर्षा गेली तवापासून नाई येत. हे म्हनत, मी त्याइच्या मांगं म्हनत. घरी बी, इथी बी. त्याइले वाटे बायना प्रार्थना करून राह्यली.” ती थांबली. लटारूच्या डोळ्यांपुढे त्यांच्या घरातली रोजची संध्याकाळ आली. खाटेच्या कडेला दोघं, तो एक वाक्य म्हणतो, ती तेच म्हणते, तो पुढचं म्हणतो, ती पुढचं. किती समाधान वाटायचं त्याला त्या दोन आवाजांचं! दोन आवाज नव्हतेच ते. इतकी वर्षं त्या खोलीत तो एकटाच बोलत होता आणि त्याच्या शेजारी एक बाई आपलं मूल घेऊन गप्प बसली होती.

सोमारीने बायनाकडे वळून पाहिलं. सगळी मंडळी विसरून, जणू त्या दोघी विहिरीवर भेटल्या आहेत अशी म्हणाली, “एवढे साल? अन् तरीबी येत राह्यली, बाई?”

“आली. वाटे, कोनी यक डाव म्हनन असं, मंग मीबी म्हनीन. कोनी म्हनलंच नाई. आज तू म्हनली.”

सोमारी उभीच होती. पत्रा उन्हाने कडकडला. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बायनाकडे, आणि मग तिच्याजवळ जाऊन दरीवर बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. “मंग मी नाई जात,” ती म्हणाली. “तू येतं, तर मीबी येतो. दोघी बसू रुसून.” बायना हसली. रडत रडत हसली, तोंडावर पदर घेऊन, आणि मागची कुणी तरी बाई नाक ओढू लागली, तिच्यानंतर आणखी एक.

लटारू उठला. गुडघे धरून उठला. पास्टरला वाटलं, आता भाऊ बोलणार, आणि त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. लटारू मधल्या वाटेने चालत गेला. पुरुष त्या बाजूला कधी बसत नाहीत, लग्नातसुद्धा नाही. तो बायनाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला. हर्षाचं नाव घेऊन काही म्हणावं असं फार, फार वाटलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. वचन नव्हतं, प्रार्थना नव्हती, फक्त रडू येत होतं आणि ते तो अडवत नव्हता. बायनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण ती थोडी सरकली आणि त्याच्यासाठी दरीवर जागा केली.